सणाच्या आधीचे दिवस

डिसेंबर उजाडला की वसईतल्या अनेक ख्रिस्ती घरांत एखाद्या पसरट ताटलीत मातीचा थर देऊन त्यात गहू किंवा नाचणी पेरली जाते. ताटली सावलीत ठेवायची, रोज पाण्याचा हलका हबका मारायचा, माती वाळू द्यायची नाही आणि चिखलही होऊ द्यायचा नाही. दोनेक आठवड्यांत बोटभर उंचीचे कोवळे, पोपटी अंकुर दाटीने उभे राहतात. नाताळच्या गोठ्यात मातीच्या मेंढरांच्या पायाशी जी हिरवळ दिसते, ती ही. बाजारात हिरव्या कागदाचं गवत स्वस्तात मिळतं आणि पाच मिनिटांत अंथरून होतं. तरीही पेरणारे पेरतात, आणि पेरायचं असेल तर आधीच पेरावं लागतं. चोवीस तारखेला आठवण होऊन उपयोग नसतो. मला या लेखात जे म्हणायचं आहे, ते या ‘आधी’बद्दल आहे. कॉलेजात जाणाऱ्या ख्रिस्ती मुलामुलींची श्रद्धा नाताळच्या किंवा ईस्टरच्या एका दिवसावर उभी राहत नाही. ती उभी राहते त्या दिवसाआधीच्या आठवड्यांवर, घरातल्यांनी मिळून केलेल्या तयारीवर. आणि आज त्यांच्या आयुष्यातून नेमके हेच आठवडे निसटत आहेत. सण शिल्लक राहिला आहे, किंबहुना पूर्वीपेक्षा मोठा झाला आहे. त्याच्यापर्यंत नेणारी वाट मात्र मोडत चालली आहे.

ही मुलं कोण, हे आधी सांगायला हवं, कारण त्यांच्याविषयीचं सर्वसाधारण चित्र फार तोकडं आहे. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे 10.8 लाख, म्हणजे एक टक्क्याहूनही थोडी कमी. त्यात वसईचे कादोडी बोलणारे सामवेदी कुपारी आहेत, वाडवळ आहेत, मुंबईच्या गावठाणांतले ईस्ट इंडियन आहेत, गोव्या-मंगळूरहून आलेले आहेत, आणि अहमदनगर-जालन्याकडचे, अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून उपासना आणि भजन मराठीतच करत आलेले प्रोटेस्टंट आहेत. हिंदी सिनेमाने यांच्यातल्या एकालाही नीट पाहिलं नाही. नगरच्या ख्रिस्ती घरात नाताळला करंज्या, लाडू, चकल्या आणि शंकरपाळे होतात, आणि नाताळची गाणी ढोलकी-पेटीवर म्हटली जातात. वसईतली आजी लाल लुगड्यात मिस्साला जाते. शेजाऱ्याला हे ठाऊक नसलं तर ती शेजाऱ्याची उणीव आहे आणि ती बोलण्याने भरून निघेल. मला अधिक काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. केक, लाल टोपी आणि दिव्यांचं झाड एवढाच नाताळ ही जी बाहेरच्यांची समजूत, ती हळूहळू घरातलीही होऊ लागली आहे.

चर्चचं पंचांग पाहिलं तर बाजाराचं पंचांग त्याच्या नेमकं उलटं चालतं. 30 नोव्हेंबरच्या आसपासच्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो. कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरूंचा झगा जांभळा होतो, म्हणजे पश्चात्तापाचा आणि वाट पाहण्याचा रंग येतो. हिरव्या पानांच्या कड्यात चार मेणबत्त्या ठेवतात आणि दर रविवारी एकेक वाढवत लावतात. तिसऱ्या रविवारची तेवढी गुलाबी, कारण वाट अर्ध्याहून जास्त सरलेली असते. गोठा उभा राहतो, मरिया आणि योसेफ येतात, गुरंमेंढरं येतात, पण गव्हाणी मोकळीच असते. बाळ येतं ते चोवीसच्या मध्यरात्री. तीन राजे तर त्याहूनही मागे, 6 जानेवारीच्या सणापर्यंत घरातल्या कुठल्यातरी कोपऱ्यावरून रोज थोडं थोडं पुढे सरकत येणारे. म्हणजे पंचवीस तारखेला नाताळचा काळ सुरू होतो आणि जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. बाजारात नाताळ नोव्हेंबरातच लागतो आणि सव्वीस तारखेला उतरतो. मॉलमध्ये महिनाभर वावरलेल्या मुलाला चर्चमधला जांभळा रंग विसंगत वाटू लागतो, आणि चर्चमध्ये सण जेव्हा खरोखर सुरू होतो तेव्हा त्याच्या मनातला संपलेला असतो. ईस्टरचंही तसंच. राखेच्या बुधवारपासून चाळीस दिवसांचा उपवासकाळ, शुक्रवारी मांस वर्ज्य, क्रुसाची वाट, झावळ्यांचा रविवार, पवित्र गुरुवार, मग शुक्रवार, आणि त्यानंतर शनिवारची रात्र. हे सगळं वगळून रविवारी सकाळी नवे कपडे घालून जो येतो त्याच्या हाती पुनरुत्थानाची बातमी पडते, पण ती बातमी कोणासाठी आहे, कशानंतर आहे, हे पडत नाही. मराठी माणसाला हे समजवायला लांब जायला नको. आषाढी एकादशीला गाडीने पंढरपुरात उतरून दर्शन घेणं आणि आळंदीहून चालत जाणं यांतला फरक ज्याला कळतो, त्याला मी काय म्हणतो आहे ते कळेल.

आता कॉलेजच्या वयाच्या मुलाचा दिवस पाहा. विरार-वसईहून सकाळची लोकल, लेक्चर, प्रॅक्टिकल, त्यानंतर क्लास किंवा अर्धवेळ काम, आणि परतताना पुन्हा तीच गर्दी. घरात संध्याकाळी सातला रोझरी होत असेल तर ती त्याच्याविना होते. सत्राच्या परीक्षा आणि सबमिशन वर्षाअखेरीला येतात, म्हणजे आगमनकाळात. दुसऱ्या सत्राच्या चाचण्या आणि प्रॅक्टिकल फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतात, म्हणजे उपवासकाळात, कारण ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिलच्या दरम्यान कुठेही पडतो. लांब सुट्टी दिवाळीला असते. यात कोणाचा दुष्टावा नाही. बहुसंख्यांच्या सणांभोवती राज्याचं वेळापत्रक बांधलं जाणं स्वाभाविक आहे, आणि नाताळ व गुड फ्रायडे या सुट्ट्या आहेतच. पण सुट्टी सणाला मिळते, तयारीला मिळत नाही. परिणाम असा की हा मुलगा स्वतःच्याच घरच्या सणाला शेवटच्या दिवशी पोहोचतो. गोठा धाकट्यांनी केलेला असतो, करंज्या आईने तळलेल्या असतात, गाण्यांच्या तालमी त्याच्याविना झालेल्या असतात. तो चोवीसच्या रात्री मिस्साला उभा राहतो, फोटो काढतो, फराळ खातो, दुसऱ्या दिवशी मित्रांना डबा नेतो. त्याचं कौतुकही होतं. पण तो तिथे पाहुणा झालेला असतो, आणि पाहुण्याला घराची कितीही ओढ असली तरी घर चालवायचं कसं हे तो शिकत नाही. शाळा संपते त्याच सुमारास धर्मशिक्षणाचे वर्गही संपलेले असतात, दृढीकरण झालेलं असतं. म्हणजे शिकवणारं बाहेर कोणी उरलेलं नसताना नेमकी घरातली शिकवणीही सुटते.

तयारीच्या दिवसांना मी एवढं महत्त्व देतो त्याला इतिहासाचा आधार आहे. तो वसईपासून सुरू होतो आणि जपानात जाऊन पोहोचतो. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया यांना 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला आणखी पंचवीस जणांबरोबर क्रुसावर मारण्यात आलं. 1614 मध्ये जपानात ख्रिस्ती धर्मावर देशव्यापी बंदी आली. धर्मगुरू हाकलले गेले, पकडले गेले, मारले गेले. सतराव्या शतकाच्या मध्यानंतर तिथे एकही उरला नाही. पुढे दोनशेहून अधिक वर्षं मिस्सा नाही, चर्च नाही. 1862 मध्ये रोममध्ये त्या सव्वीस हुतात्म्यांना संतपद मिळालं आणि थोड्याच काळात, परदेशी व्यापाऱ्यांसाठी नागासाकी बंदर खुलं झाल्यामुळे, ओउरा इथे फ्रेंच धर्मगुरूंनी त्यांच्याच नावाने चर्च बांधलं. 17 मार्च 1865 रोजी जवळच्या उराकामी गावचे काही शेतकरी स्त्री-पुरुष त्या चर्चमध्ये आले आणि फादर पेतीजाँ यांना त्यांनी हळूच सांगितलं की तुमचं आणि आमचं मन एकच आहे. त्यांनी मरियेचा पुतळा कुठे आहे ते विचारलं. आणि आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: थंडीच्या महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी आम्ही प्रभूचा जन्मदिवस पाळतो, आणि सध्या शोकाचा काळ चालू आहे, आज त्याचा सतरावा दिवस. त्या वर्षी ईस्टर 16 एप्रिलला होता, म्हणजे राखेचा बुधवार 1 मार्चला. 17 मार्च हा उपवासकाळाचा सतरावाच दिवस होता. दोनशेहून अधिक वर्षं बाहेरून काहीही न मिळता त्यांचा हिशेब एका दिवसानेही चुकला नव्हता.

हे कशाने झालं? त्या गावांत एकाकडे पंचांग सांभाळण्याचं काम असे, दुसऱ्याकडे बाप्तिस्मा देण्याचं. पंचांग सांभाळणारा दर आठवड्याला पुढचे दिवस सांगे: कोणत्या दिवशी काम करायचं नाही, काय खायचं नाही, शोकाचा काळ कधी लागणार. धर्मसिद्धान्ताचे बारकावे झिजले, प्रार्थनांतले लॅटिन-पोर्तुगीज शब्द ओळखू येईनात इतके बदलले. मोजणी टिकली, कारण मोजणी ही कृती होती आणि ती कोणीतरी रोज करत होतं. नुसते सण विसरायला एक पिढी पुरली असती. त्यांच्याकडे नेणारे दिवस मोजायचे होते म्हणून सण आठवणीत राहिले. कोणी म्हणेल, छळाखालच्या शेतकऱ्यांची आणि मुंबई विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची तुलना कशी करता? छळाची तुलना मी करतच नाही. आजच्या विद्यार्थ्यापाशी चर्च आहे, पण तो तिथे नाही. धर्मगुरू आहेत, पण त्याची त्यांच्याशी गाठ पडत नाही. या गैरहजेरीपुरतं साम्य खरं आहे, आणि गैरहजेरीत श्रद्धा कशाच्या जोरावर तगते एवढाच माझा प्रश्न आहे.

आपल्याकडेही पुरावा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राशोलला छापलं गेलं, पुढे 1649 आणि 1654 मध्येही. दहा हजारांहून जास्त ओव्या, त्या मराठीत, कोकणीचा हात लागलेल्या. त्या काळच्या छापील प्रतींपैकी एकही आज हाती नाही. ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींवरून, आणि 1907 मध्ये मंगळूरला त्याची नवी आवृत्ती निघाली तीही त्यांच्याच आधारे. छापखान्याने दिलेलं नाहीसं झालं आणि घरोघर हाताने केलेलं राहिलं, यात मला योगायोग दिसत नाही. हाताने उतरवणं हे काम होतं, आणि काम करणाऱ्याची त्या ग्रंथात मालकी होती. नगरकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी हेच वेगळ्या रीतीने केलं. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी परदेशी चालींच्या भाषांतरित गीतांवर समाधान मानलं नाही; अभंग आणि भजन हे मराठी माणसाच्या तोंडी आधीपासून बसलेले प्रकार हाती घेतले. ‘उपासना संगीत’ उघडणाऱ्या खेड्यातल्या बाईला ते गाणं परकं वाटलं नाही, ती दळताकांडताना ते म्हणू शकली, आणि रविवारची श्रद्धा सोमवारी तिच्या अंगणात आली.

इथे भाषेचा मुद्दा येतो आणि तो टाळता येणार नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे 1960 च्या दशकापर्यंत, कॅथलिक मिस्सा लॅटिनमध्ये होती आणि घरची प्रार्थना आपल्या बोलीत. आज वसईच्या बहुतेक चर्चमध्ये मिस्सा मराठीत होते, आणि कितीतरी घरांत प्रार्थना इंग्रजीत होऊ लागली आहे, कारण मुलं इंग्रजी शाळेत शिकली. इंग्रजीने नोकरी मिळते, परदेश गाठता येतो; ते खरं आहे आणि कोणीही ते सोडावं असं मी म्हणणार नाही. देवाला सगळ्या भाषा कळतात हेही खरं. पण आजीला कळत नाहीत. पेरायचं कधी, पीठ किती घट्ट मळायचं, कोणत्या शुक्रवारी काय शिजवायचं नाही, कोणत्या क्रुसापाशी कोणाच्या नवसाची मेणबत्ती लावायची, हे सगळं तिच्यापाशी आहे, आणि ते तिच्या बोलीत आहे. नातवाने प्रार्थनेची भाषा बदलली की घरातली सर्वांत जुनी शिक्षिका एका फटक्यात गप्प होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘सुबोध बायबल’साठी एवढे कष्ट घेतले ते मराठीच्या कोरड्या अभिमानापोटी नव्हे, आपलं म्हणून वाचता यावं असं पुस्तक घरात हवं म्हणून. उलट बाजूही मान्य करायला हवी. आपल्या छापील प्रार्थनांची मराठी पुष्कळदा इतकी जड असते की वीस वर्षांच्या मुलीला ती स्वतःची वाटत नाही. त्यावर उपाय प्रार्थनेची मराठी सोपी करणं हा आहे. मराठी प्रार्थनाच सोडून देणं हा नाही.

माझ्या मांडणीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप ख्रिस्ती माणसांकडूनच येतो. श्रद्धा म्हणजे करंज्या नव्हेत, गोठा नव्हे, चाळीस दिवसांचा नियम नव्हे. ती एकेका माणसाची ख्रिस्ताशी झालेली भेट आहे, असं ते म्हणतात. रिवाज पाळणारी कितीतरी घरं आतून थंड असतात, आणि ज्याच्या घरी काहीच नव्हतं असा मुलगा एखाद्या रिट्रीटला जाऊन पेटून परत येतो. हे दोन्ही मी खोटं मानत नाही. भेट हीच मुळाशी आहे. पण भेटीनंतर काय, हा प्रश्न उरतो. रिट्रीटचा उमाळा खरा असतो आणि दोन-तीन आठवड्यांत तो ओसरतो, हे तिथे मार्गदर्शन करणारेही सांगतील. म्हणून तर ते परत जाताना रोजच्या प्रार्थनेची वेळ ठरवून जा असं बजावतात. रोजची वेळ, आठवड्याचा एक दिवस, वर्षातला एक काळ, एकत्र करायचं एक काम: याचंच नाव तयारी. 2025 मध्ये संत म्हणून घोषित झालेला कार्लो अकुतिस हा पंधराव्या वर्षी गेलेला मुलगा तरुणांना आपला वाटतो तो संगणकामुळे. त्याच्या आयुष्याचा कणा मात्र रोजची मिस्सा आणि रोजची रोझरी हाच होता. उमाळ्याला धरून ठेवणारं काहीतरी लागतं आणि ते उमाळ्यातून तयार होत नाही. नियम हा श्रद्धेचा पर्याय ठरू शकतो, हा धोका आहे. पण नियमच नसलेली श्रद्धा सोयीचा पर्याय ठरते, हा धोका कॉलेजच्या वयात कितीतरी जवळचा आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक टोचतो. तयारी, तयारी म्हणून ज्याचं कौतुक चाललं आहे ते बायकांचं काम आहे. पहाटेपासून पीठ मळणं, नारळ खवणं, तळणं, घर सारवणं-रंगवणं, आणि त्यावर पुन्हा संध्याकाळची प्रार्थना चालवणंही आई-आजीनेच. या तयारीचे गोडवे गाणं म्हणजे त्यांच्या पाठीवरचं ओझं पवित्र ठरवणं होय. हा आक्षेप पूर्ण खरा आहे, आणि कॉलेजात जाणाऱ्या मुली तो आज उघड बोलून दाखवतात, हे चांगलंच आहे. त्यावर बहुतेक घरांनी शोधलेला मार्ग म्हणजे फराळ विकत आणणं. त्यात गैर काही नाही. एखाद्या बचत गटाला चार पैसे मिळत असतील तर उत्तमच. पण त्याने ओझ्याबरोबर एकत्र बसणंही गेलं. कलकल हा नाताळचा पदार्थ करायला बसलेलं घर पाहिलं की मला काय म्हणायचं आहे ते दिसतं: मळलेल्या पिठाची सुपारीएवढी गोळी, ती काट्याच्या पाठीवर किंवा स्वच्छ कंगव्यावर अंगठ्याने दाबत पसरवायची आणि गुंडाळून शिंपलीसारखी सोडवायची. हे काम एकट्या माणसाचं नाहीच. किलोभर पीठ एकटीने वळायचं म्हणजे शिक्षा, सहा जणांनी वळायचं म्हणजे गप्पांची संध्याकाळ, आणि त्यात अकुशल हातही चालतात. तेव्हा खरा उपाय मुलग्यांनी आणि बापांनी त्या पाटाभोवती बसण्यात आहे. गोठा मुलांचा आणि फराळ मुलींचा ही वाटणी कोणत्याही धर्मग्रंथात नाही. ती आपण पाडली आहे, आणि ती मोडल्याशिवाय तयारीचं समर्थन करण्याचा अधिकार पुरुषांना नाही, असं मी मानतो.

तिसरा आक्षेप आईबापांचा असतो आणि तो हताशपणातून येतो: मुलं ऐकत नाहीत, जबरदस्ती केली तर आणखी दूर जातात. इथे चर्चच्याच नियमाकडे पाहण्यासारखं आहे. कॅथलिक धर्मनियमांत मांस वर्ज्य करण्याचं बंधन चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर लागतं, पण राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला उपवास करण्याचं बंधन अठराव्या वर्षी सुरू होतं. म्हणजे ज्या वयात मुलगा किंवा मुलगी कॉलेजात असते, त्याच वयात चर्च त्यांना पूर्ण प्रौढ धरतं. आपण घरात काय करतो? लहानपणी त्यांना रोझरीला बसवतो, आणि मोठी झाल्यावरही ‘बस’ असंच सांगतो. बसण्यापलीकडे त्यांना काही दिलेलं नसतं. अठरा वर्षांच्या मुलीला आज्ञेने बसवणं आणि यंदाच्या आगमनकाळातली शनिवारची प्रार्थना तिच्यावर सोपवणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिने वाचन निवडावं, गीत निवडावं, कोणासाठी प्रार्थना करायची ते ठरवावं, हवी तर ती दहा मिनिटांत आटोपावी. तिला शंका असतील तर त्या तिथेच मांडाव्यात. सोपवलेल्या माणसाची शंकाही घरच्यांना ऐकून घ्यावी लागते. उराकामीच्या गावात पंचांग सांभाळणाऱ्यालाही कधी शंका आल्या नसतील असं मला वाटत नाही. पण पुढचा दिवस त्याला सांगायचा होता.

वसतिगृहात राहणाऱ्यांचं काय, पुण्याला, बेंगळुरूला, कॅनडाला गेलेल्यांचं काय? जे घरीच नाहीत त्यांना घरची तयारी कशी लाभणार? 2020 चा ईस्टर इथे आठवावा लागतो. तो 12 एप्रिलला आला, टाळेबंदीच्या ऐन मध्यावर. चर्चची दारं बंद होती, झावळ्यांचा रविवार नाही, गुरुवारी पाय धुण्याचा विधी नाही. मिस्सा मोबाईलच्या पडद्यावर होती आणि ती सगळ्यांना सारखीच उपलब्ध होती. तरी सगळ्या घरांचा अनुभव सारखा होणं शक्य नव्हतं. ज्या घरात एकत्र प्रार्थनेची सवय होती तिथे पडदा बंद झाल्यावरही काहीतरी करायला होतं. ज्या घरात श्रद्धेचं सगळं काम चर्चवर सोपवलेलं होतं तिथे पडदा बंद झाला की पवित्र सप्ताहही बंद झाला. वसतिगृहातल्या खोलीला हेच लागू पडतं. जो घरी करत आला आहे तो तिथे एकट्याने थोडं तरी करेल. खिडकीत वाटीभर गहू पेरायला जागा पुरते, शुक्रवारी मेसमध्ये एक पदार्थ नाकारायला परवानगी लागत नाही, आणि घरी रोझरी चालू असताना फोन लावून तेवढी दहा मिनिटं ऐकता येते. जो घरी पाहुणाच होता त्याला मात्र वसतिगृहात यातलं काहीच सुचणार नाही, कारण नेण्यासारखं त्याच्या हाती काही दिलेलंच नव्हतं. म्हणून दूर जाणाऱ्या मुलांसाठी तयारी कमी महत्त्वाची ठरत नाही, जास्त ठरते.

करायचं काय, ते फार अवघड नाही, फक्त ते नेमकं करायला हवं. घराने संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ सातवरून रात्री साडेनऊवर न्यावी. वेळ पवित्र नाही, माणसं जमणं महत्त्वाचं आहे. गोठा एका रात्रीत उरकण्याऐवजी आगमनकाळाच्या चार रविवारांत वाटून घ्यावा आणि त्यातला एक रविवार कॉलेजातल्या मुलावर टाकावा. धर्मग्रामांनी तरुणांना फक्त कॅरल आणि गोठ्यांच्या स्पर्धा देऊन मोकळं होऊ नये. स्पर्धेत बक्षीस असतं आणि बक्षीस मिळालं की काम संपतं. क्रुसाच्या वाटेचं चिंतन तरुणांनी स्वतः लिहावं, ते स्वतःच्या मराठीत किंवा कादोडीत लिहावं, आणि त्यात लोकलची गर्दी, शेतातल्या बावखलांवर, म्हणजे तळ्यांवर, पडलेला भराव, नोकरीची चिंता हे सगळं येऊ द्यावं. राहिली महाविद्यालयं. विद्यापीठाच्या परीक्षांच्या तारखा त्यांच्या हातात नसतात, हे समजू शकतं. पण ख्रिस्ती संस्था चालवत असलेल्या महाविद्यालयांत अंतर्गत चाचण्या, सबमिशन, प्रकल्पांच्या मुदती त्यांच्याच हातात असतात, आणि पवित्र सप्ताहाचे गुरुवार-शनिवार त्यांतून मोकळे ठेवायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. त्याचा फायदा सगळ्याच विद्यार्थ्यांना होईल. आणि जी संस्था आपल्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांना पवित्र गुरुवारची संध्याकाळ देते, तिने रमजानच्या शेवटच्या दिवसांत मुस्लिम विद्यार्थ्याला आणि वारीच्या दिवसांत वारकऱ्याच्या मुलीलाही तशीच सवड द्यावी, कारण तयारीची किंमत ज्याला स्वतःच्या घरात कळली आहे त्याला ती दुसऱ्याच्या घरातही कळायला हवी.